पंगतीतला ठराव

माझ्या बायकोच्या, वच्छलाच्या, तेरवीच्या पंगतीत आमच्या गावचा सरपंच ठरला. मत कोणी दिलं नाही, मशीन आलं नाही. माझ्याच अंगणात, माझ्याच वावरातल्या वांग्याच्या भाजीवर हे झालं, आणि मी तिथं हात जोडून उभा होतो.

हे कसं झालं ते सांगायचं तर आधी गावची एक रीत सांगावी लागेल. बाहेरच्या माणसाला ती गमतीची वाटते.

आमचं गाव केळझरच्या रस्त्यावरून थोडं आत आहे. आम्ही भाजीपाल्यावाले. वांगी, टमाटे, फुलकोबी, सांभार म्हणजे कोथिंबीर, वालाच्या शेंगा. माल वर्ध्याच्या बाजारात जातो. इंग्रजांच्या वेळी गाव मालगुजाराचं होतं. सरकारचा सारा तो भरायचा आणि गावाचं काय करायचं तेही तोच ठरवायचा. पहिल्या तोड्याची एक टोपली त्याच्या घरी न्यावी लागे, तिला डाली म्हणत. तान्ह्या पोळ्याला तो साऱ्या गावाला जेवू घालायचा. लोक बसले, भात कालवला, की त्याचा दिवाणजी पंगतीत उभा राहायचा. यंदा विहिरीचा गाळ फुकट कोण काढणार, साहेबाचा तळ पडला तर कोणाची बैलगाडी जाणार, कोणाचं वावर कोणाकडं जाणार, हे सांगायचा. सांगून झालं की विचारायचा, "मंजूर?" आता माणूस ताटावर बसलेला, तोंडात घास, उजवा हात खरकटा. अर्ध्या जेवणातून उठणं म्हणजे अन्नाचा अपमान. कोणी बोलत नसे. झालं मंजूर.

माझे वडील तानबा हे पाहत मोठे झाले. देश सुटला, पुढं मालगुजारी गेली, मग गावात पहिली पंचायत झाली. मालगुजाराची कचेरी आणि तिच्यापुढचं आवार पंचायतीला मिळालं. वडील सांगायचे, पहिल्या सभेत सेक्रेटरीनं विचारलं, आधी रस्ता करायचा की विहीर? लोक एकमेकांच्या तोंडाकडं पाहत बसले. आजवर कोणी काही विचारलंच नव्हतं. शेवटी मागून एकजण म्हणाला, "मालक काय म्हणतात?" मालक तिथं नव्हतेच. आधी सगळे हसले, मग गप्प झाले.

त्याच सभेत दोन गोष्टी ठरल्या. डाली आता कोणाच्या घरी जाणार नाही. सव्वीस जानेवारीला ती पंचायतीच्या आवारात येईल, सगळ्यांची मिळून एक भाजी शिजेल आणि सगळे एका पंगतीत बसतील. दुसरी गोष्ट, ठराव जेवणाआधी होतील. हात वर करून, मोजून. मोजणी होत नाही तोवर गंजावरचं, म्हणजे भाजीच्या मोठ्या पातेल्यावरचं, झाकण निघणार नाही. वडील म्हणायचे, कोणाचं अन्न पोटात नसलं की 'नाही' म्हणता येते.

झाकण सांभाळायचं काम बाईकडं असे. आधी देवकाबाई होत्या. त्यांचे गुडघे गेले तेव्हा त्यांनी वच्छलाला बसवलं. वच्छला गंजाजवळ पाटावर बसायची, झाकणावर दगड ठेवायची आणि दगडावर हात. एकदा तालुक्याहून एक साहेब आले होते. भुकेले होते. म्हणाले, "बाई, ठराव होत राहतील, वाढायला घ्या." ती म्हणाली, "साहेब, भाजी काही पळून नाई चालली. हात होऊ द्या." साहेब हसले आणि बसून राहिले. आमच्या लहानूला तर ती दरवर्षी धरायची. लहानू माझा शेजारी, लहानपणापासूनचा दोस्त. सभेत त्याला डुलकी लागायची आणि दचकून तो दोन्ही हात वर करायचा. वच्छला ओरडायची, "काहो लहानूभाऊ, पोलीस आले का मागं? एक हात खाली घ्या!" सारी सभा हसायची. पण मोजणी पक्की व्हायची. पाण्याची टाकी, शाळेचं कुंपण, स्मशानाचा रस्ता, सगळं असंच झालं. तीन-चार वेळा भांडणं झाली, भाजी थंड झाली, पण झाकण निघालं नाही.

यंदा सरपंचपद बायांसाठी राखीव निघालं. वच्छलानं तेव्हाच ठरवलं की अंजू उभी राहील. अंजू म्हणजे माझा भाचा कैलास, त्याची बायको. बारावी शिकलेली, बचत गटाचं काम पाहते, बोलायला घाबरत नाही. आधी ती नाही म्हणाली. वच्छला रोज संध्याकाळी तिच्या ओट्यावर जाऊन बसायची.

"मामी, मले जमन का?"

"मले झाकण जमलं. तुले सरपंचकी नाई जमन?"

"अन् पडली तं?"

"पडली तं पडली. लोकायनं हात करून पाडलं पाहिजे. आपोआप नाई पडाचं."

दुसरीकडून गजेंद्र होता. गजेंद्र हा त्या मालगुजाराचा पणतू. माणूस वाईट नाही, हे मी आजही म्हणतो. हिंगणघाटला कापसाचा धंदा, पिपरी मेघेला बंगला, गावात येणं-जाणं. गावाचा भाजीपाला वर्ध्याला नेणाऱ्या दोन्ही गाड्या त्याच्या. कोणी आजारी पडलं तर स्वतःच्या कारनं दवाखान्यात पोचवतो. जागा बाईची निघाली म्हणून त्यानं आपली बायको अंकिता हिला उभं करायचं ठरवलं. ती बिचारी गावात सणावारीच दिसते. गजेंद्र म्हणे, निवडणुकीनं गावात फूट पडते, आपण बिनविरोध करू, मी मारुतीच्या देवळापुढं सभामंडप बांधून देतो. सदस्यांच्या जागा त्यानं वाटूनही टाकल्या होत्या. राहिली होती फक्त सरपंचाची जागा, कारण वच्छला आणि अंजू ऐकत नव्हत्या.

दिवाळी झाली. वच्छला सकाळी वांग्यात निंदायला गेली आणि सरीतच बसली. मी म्हटलं, "काऊन बसली?" ती म्हणाली, "हात उचलून नाई राह्यला." एवढंच बोलली. गजेंद्रच्याच कारनं आम्ही तिला वर्ध्याला नेलं. डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्तस्राव झाला. चौथ्या दिवशी ती गेली.

तिच्याशिवाय घर कसं आहे ते मी इथं लिहीत नाही. मला ते लिहिता येणार नाही. चहा दोन कप होतो आणि एक फेकावा लागतो, एवढंच सांगतो.

अर्ज भरायचे दिवस मधेच आले. अंजू सुतकातच सेलूला जाऊन अर्ज भरून आली. रडत गेली आणि रडत आली. माझ्यापुढं उभी राहून म्हणाली, "मामाजी, मामीनं सांगतलं होतं. आता मांगं नाई सराचं." मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मलाही तेच पाहिजे होतं. वच्छलाचं एकच काम अपुरं राहिलं होतं आणि ते एवढं साधं होतं. गावात मतदान व्हावं. अंजू जिंको नाही तर हरो.

तेरवी आणि अर्ज मागं घ्यायचा दिवस लागून आले. आज तेरवी, उद्या माघार.

तेरवीचं सगळं गजेंद्रनं अंगावर घेतलं. मांडव त्याचा, भांडी त्याची, आचारी हिंगणघाटचा. मी नको म्हणत होतो. माझा मुलगा नीरज पुण्याहून आला होता. तो म्हणाला, "बाबा, कोणी मदत करते तं घ्यावं. मले इथलं कोण ओळखते? मी एकटा कुठं कुठं धावू?" त्याचंही खरं होतं. वांगी तेवढी मी घरची दिली. वच्छलानं लावलेल्या झाडांचा तो पहिला तोडा होता.

दुपारी पहिली पंगत बसली. सारं गाव आलं होतं. देवकाबाई काठी टेकत आल्या आणि गंजापाशी थांबल्या. झाकण काढून बाजूला ठेवलेलं होतं, आचारी वाढप्यांच्या बादल्या भरत होता. त्या माझ्याकडं पाहून म्हणाल्या, "श्रावण, उघडंच ठेवलं गा?" मी म्हटलं, "आज सभा नाई, माय. आज तिची तेरवी आहे." नातीनं त्यांना धरून पंगतीत बसवलं.

तेरवीच्या दिवशी घरधन्यानं काय करायचं ते ठरलेलं असतं. पंगतीपुढं हात जोडून उभं राहायचं. सावकाश जेवा म्हणायचं. शेवटचा माणूस हात धुऊन उठेपर्यंत तोंडातून वाकडा शब्द काढायचा नाही, नाहीतर गेलेल्या माणसाला ते अन्न पोचत नाही. माझ्या आईच्या वेळी, वडिलांच्या वेळी मी असाच उभा होतो.

भात वाढून झाला. लोकांनी कालवला. तेव्हा गजेंद्र पंगतीच्या मधोमध आला. टोपी काढून म्हणाला, "जेवता जेवता दोन शब्द ऐका. वच्छलाकाकूनं या गावासाठी जन्मभर केलं. त्याइच्या नावानं आपण मंडप बांधू. कै. वच्छलाबाई सभामंडप. अन् काकूले खरी श्रद्धांजली म्हणजे गाव एक राह्यलं पाहिजे. अंजू आपलीच लेक आहे. ती उद्या अर्ज मांगं घेईन. कोणाले मंजूर नसन, त्यानं उठून सांगा."

उठून सांगा म्हणाला. तेरवीच्या पंगतीतून उठून.

मी ओळीवर नजर फिरवली. लहानूच्या तोंडात पोळी होती. तो पत्रावळीकडं पाहत होता. पलीकडच्या ओळीत चार-पाच बाया होत्या, वच्छलाच्या बचत गटातल्या. एकीनं वडा हातात धरला होता, तो तसाच धरून राहिली. साऱ्या मांडवात उभी माणसं तेवढीच. गजेंद्र, वाढपी, मी, आणि कढीची बादली घेतलेली अंजू.

अंजूनं माझ्याकडं पाहिलं. "मामाजी?" असं हळूच म्हणाली.

मला बोलायचं होतं. म्हणायचं होतं की ही सभा नाही. हे अंगण माझं आहे, बाई माझी मेली आहे. पण सारं गाव ताटावर होतं, तिच्या नावाचं अन्न लोकांच्या तोंडात होतं, आणि माझे हात जोडलेले होते. मी ते सोडवले नाहीत.

गजेंद्रनं थोडं थांबून विचारलं, "मग मंजूर?"

कोणी बोललं नाही. "कढी आणा इकडं," असं कोणीतरी म्हणालं. आणि पंगत पुढं सरकली.

सगळं आटोपल्यावर अंकिता माझ्याजवळ आली. पाया पडली. मी म्हटलं, "पोरी, तुले तरी पाहिजे का हे?" ती इकडंतिकडं पाहून म्हणाली, "काका, मले कोणं इचारलं?" आणि कारमध्ये जाऊन बसली.

संध्याकाळी मी लहानूच्या घरी गेलो. तेरवीच्या दिवशी घराबाहेर पडू नये, तरी गेलो.

"लहानू, ते खरं नाई धराचं. हात नाई मोजले, काही नाई."

"अबे, तुह्याच मांडवात झालं. तू मालक होता तिथचा. तू काऊन नाई बोलला?"

"मी तेरवीत बोलू?"

"मंग मी जेवता जेवता बोलू? वच्छलाच्या पानावरून उठू? उद्या तूच म्हणशीन, लहानूनं माह्या बायकोची तेरवी मोडली."

त्याचं बरोबर होतं, म्हणून जास्त लागलं.

तो जरा खालच्या आवाजात म्हणाला, "अन् खरं सांगू? माही फुलकोबी तयार आहे. गाडी कोणाची? त्याची. कैलासचे टमाटे कोणाच्या गाडीत जाते? त्याच्याच. तुही वांगी?"

"तो काही बोलला का गाडीचं?"

"तो कायले बोलते? तो बोलत नाई, तेच तं."

तसंच होतं. गजेंद्रनं कोणाला धमकी दिली नाही. मी कोणाकडं तक्रार करणार होतो आणि काय सांगणार होतो? माणूस जेवू घालतो, दवाखान्यात नेतो, मेलेल्या बाईच्या नावानं मंडप बांधतो.

सकाळी कैलास, अंजू आणि मी ऑटोनं सेलूला निघालो. तहसीलबाहेर लिंबाखाली मी अंजूला म्हटलं, "तुले नाई वाटत तं नको घेऊ. मी आहे तुह्या मांगं."

ती म्हणाली, "मामाजी, तुम्ही कालपण मांगंच होते."

कैलासनं तिला दटावलं, "अंजू!" मी म्हटलं, "बोलू दे." ती रडायला लागली. म्हणाली, "मी एकटी उभी राह्यली असती. पण आता लोक म्हणतीन, मामीच्या तेरवीत ठरलं ते हिनं मोडलं. मामीच्याच नावानं मले शिव्या देतीन. मामीचं नाव तिकडं गेलं, मामाजी. माह्याजवळ काय राह्यलं?"



ती आत गेली आणि लवकरच बाहेर आली. माघार घ्यायला वेळ लागत नाही. परत येताना कैलासनं तिच्यासाठी रसवंतीवर ऑटो थांबवला. तिनं ग्लास हातात घेतला आणि तसाच परत दिला.

मतदानाच्या दिवशी आजूबाजूच्या गावांत गर्दी होती. आमच्या शाळेत पोरं खो-खो खेळत होती. वच्छलाचं मतदान कार्ड मी सकाळी खिशात घातलं होतं, का ते माहीत नाही. दुपारी परत ठेवून दिलं.

मग सव्वीस जानेवारी आली. मी जाणार नव्हतो. पण देवकाबाईंनी नातीला पाठवलं की श्रावणला म्हणा, डाली घेऊन येजो, रीत मोडू नको. मी वांग्यांची टोपली भरली आणि गेलो. आवारात मोठा मांडव होता. अंकितानं झेंडा फडकवला, दोन ओळी वाचल्या आणि खुर्चीवर बसली. भाजी आचाऱ्यानं सकाळीच करून ठेवली होती. आम्ही आणलेल्या टोपल्या एका कोपऱ्यात रचून ठेवल्या. मी विचारलं, "याचं काय?" एक वाढपी म्हणाला, "मालकाच्या घरी जाईन सांजच्याले." मालक म्हणाला तो. त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

वच्छलाचा पाट भिंतीला टेकवून ठेवला होता. दगड चुलीला लावला होता.

लोकांना बसवलं. मी उभाच होतो. देवकाबाई म्हणाल्या, "बस गा, श्रावण. उपाशी राहून काय होते?" मला त्यांच्याशी वाद घालवेना. मी लहानूशेजारी बसलो. वारा होता, म्हणून डाव्या हातानं पत्रावळ दाबून धरली. भात आला, भाजी आली. मी कालवला.

तेव्हा गजेंद्र उभा राहिला. सरपंचबाई बसूनच होत्या. तो म्हणाला, पंचायतीचं हे आवार वर्षभर रिकामंच असते. इथं कापसाचं गोदाम झालं तर गावाला भाडं मिळेल. सव्वीस जानेवारीची पंगत देवळापुढच्या वच्छलाबाई सभामंडपात होईल, तिथं जागाही मोठी आहे. सगळं सांगून झाल्यावर त्यानं विचारलं, "मंजूर?"

माझ्या वडिलांनी मला हा शब्द म्हणून दाखवला होता, दिवाणजीच्या आवाजात. तेव्हा मी हसलो होतो.

माझा उजवा हात भाजीत होता. मी डावा हात पत्रावळीवरून काढला आणि वर केला. पत्रावळ उडायला लागली, ती लहानूनं धरली. त्यानं मान वर केली नाही, पण माझी पत्रावळ धरून ठेवली. मी हात तसाच वर ठेवला. पलीकडं बायांच्या ओळीत अंजू होती. तिनं माझ्याकडं पाहिलं, मग आपल्या खरकट्या हाताकडं. आणखी कोणाचा हात वर आला नाही.

गजेंद्रला माझा हात दिसला. नीट दिसला. आमची नजरानजर झाली. तो प्रेमानं हसला आणि वाढप्याला म्हणाला, "अरे, काकाले भाजी पाहा. केव्हाचे हात वर करून राह्यले!"

लोक हसले. लहानूही हसला, अगदी थोडा. वाढपी धावत आला आणि त्यानं माझ्या पत्रावळीवर दोन पळ्या भाजी घातली.

गजेंद्र म्हणाला, "मग झालं, मंजूर."

मी हात खाली घेतला. पानात भाजी खूप झाली होती. आमच्यात पानात टाकत नाहीत. मी ती संपवली.